चार पाकळ्यांचा किप्पा: जाळीवर भरून शिवण्यापर्यंत

टाळूवर घालायच्या ज्यू टोपीला किप्पा म्हणतात. बार मित्झ्वा (मुलाला 13 वर्षे पूर्ण झाल्यावरचा विधी) किंवा लग्नासाठी तो जाळीदार कॅनव्हासवर हाताने भरून देतात. मॅटीवर फुलीचा टाका घालणाऱ्यांना यातला टाका सोपा वाटेल, कारण तो फुलीचा अर्धाच भाग आहे. चुकते ते बहुतेक आकारात.

डोक्याचा घेर 56–57 सेंमी धरू. 17 सेंमी व्यासाचे सपाट वर्तुळ कापले तर त्याची कड 53 सेंमी भरते, पण टोपीची कड डोक्यावर जिथे टेकते तिथला घेर 46 सेंमीच असतो. उरलेले 7 सेंमी झालरीसारखे उभे राहतात. म्हणून चार पाकळ्या करायच्या. कागदावर 8.5 सेंमी त्रिज्येचे पाव वर्तुळ काढा. बाहेरच्या कंसावर दोन्ही टोकांपासून 9 मिमी आत खूण करा, बाजूंच्या मध्यावर फक्त 1 मिमी आत. टोकापासून या खुणांमधून हलकी गोलाई काढली की पाकळी तयार.

सामान: इंचाला 18 छिद्रांचा सुती कॅनव्हास 40×40 सेंमी, 5 नंबरचा पर्ल कॉटन (पीळदार सुती दोरा), 22 नंबरची बोथट सुई, लाकडी चौकट. लोकरीने भरणार असाल तर कॅनव्हास आणि अस्तर दोन्हींत लिनन नाही ना, हे आधी पाहा. तोरामध्ये (ज्यूंच्या धर्मग्रंथात) एकाच वस्त्रात लोकर व लिनन एकत्र करण्याला मनाई आहे (शात्नेझ), आणि नियम पाळणारे घर अशी टोपी वापरणार नाही.

पाकळ्या 5 सेंमी अंतर ठेवून, पाण्याने न फुटणाऱ्या पेनानेच आखा. साधी शाई पुढे ओल लागताच फिक्या दोऱ्यात चढते. मधली रेषा जाळीच्या उभ्या धाग्याला धरून ठेवली तर अक्षरे व चित्रे सरळ येतात, मात्र बाजू तिरक्या पडून ताणल्या जातात. नुसती भौमितिक नक्षी असेल तर पाकळीच्या बाजूच धाग्याला धरून आखा, शिवण घट्ट बसते.

हिब्रू नाव उजवीकडून डावीकडे भरायचे. सारखी दिसणारी अक्षरे सांभाळा: ‘दालेत’चा वरचा उजवा कोपरा टोकदार आणि किंचित बाहेर आलेला, ‘रेश’चा गोल. ‘हे’ नावाच्या अक्षराच्या डाव्या पायाला वर फट असते, ‘खेत’ला नसते. अक्षराची उंची 11 धाग्यांपेक्षा कमी घेतलीत तर हे फरक दिसत नाहीत. देवाचे नाव मात्र टाळा. ते लिहिलेली वस्तू जुनी झाली तरी टाकून देता येत नाही. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल (ज्यू) कुटुंबासाठी नाव देवनागरीत भरायचे असेल तर शिरोरेघ एका आडव्या धाग्यावर येऊ द्या. कडेच्या गोलाईवर ती पायऱ्यांसारखी तुटते.

टाके सुमारे साडेदहा हजार लागतात. दोरा किती लागेल ते आधी एक चौरस इंच (324 टाके) भरून मोजा आणि 33 ने गुणा. एका वेळी 45 सेंमीच दोरा घ्या, लांब दोरा जाळीत घासून विरतो. पार्श्वभूमी आडव्या ओळींत भरू नका, कॅनव्हास तिरका ओढला जातो. तिरप्या ओळींत भरा: जिथे जाळीचा आडवा धागा वर दिसतो ती ओळ चढती, उभा दिसतो ती उतरती. एकाच दिशेच्या दोन ओळी लागोपाठ आल्या तर कायमची रेघ उमटते, म्हणून काम थांबवताना ओळ अर्ध्यात सोडावी. पुढची दिशा आपोआप कळते. पाकळीबाहेर दोन ओळी जास्त भरा, नाहीतर शिवणीत पांढरी जाळी डोकावते.

भरून झाल्यावर हलके ओले करून फळीवर काटकोनात टाचा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. ही पायरी गाळलेली टोपी एका बाजूला कलतेच. कापण्याआधी कडेने दाट धावदोरा घाला, मग 1 सेंमी सोडून कापा. दोन-दोन पाकळ्या जोडून शेवटी मधली लांब शिवण घाला. टोकाजवळ शिवणीचे जादा कापड तिरके छाटा, नाहीतर टाळूवर गाठ येते.

पातळ सुती अस्तराच्या पाकळ्या 2 मिमी लहान कापा. कडेला 3 सेंमी रुंद, 50 सेंमी लांब उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा. पट्टी लावताना ओढू नका, कड आत वळते. केसांच्या क्लिपसाठी दोन लूप अस्तराच्या बाजूने, समोरासमोरच्या शिवणींवर टाका. तिथेच कापड सर्वांत मजबूत असते.