घरच्या घरी ब्रँडी सावर

ब्रँडी, लिंबाचा रस आणि साखर या तीन गोष्टींवर ब्रँडी सावर हे कॉकटेल उभे असते. सावर (म्हणजे आंबट) या वर्गातील पेये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बारमध्ये दिली जात आहेत आणि त्यांचे सूत्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही. घटक इतके थोडे असल्यामुळे चूक लपायला मात्र जागा राहत नाही. घरी केलेले ब्रँडी सावर बहुधा दोन प्रकारे फसते: एक तर ते सरबतासारखे गोड होते, नाही तर ब्रँडी हरवून नुसता आंबटपणा उरतो. व्हिस्की सावरचे माप डोळे मिटून ब्रँडीला लावले की असे होते. ब्रँडी वाइनपासून ऊर्ध्वपातनाने काढली जाते आणि बहुधा ओकच्या पिंपात मुरते. त्यामुळे फळाची आणि व्हॅनिलाची गोडसर छटा तिच्यात मुळातच असते, शिवाय बाटलीत भरण्यापूर्वी तिच्यात थोडी साखर किंवा कॅरामेल मिसळण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. म्हणून साखरेचे माप ठरवताना बाटलीत आधीच असलेला गोडवा हिशेबात धरावा लागतो.

ब्रँडी निवडताना फार महागडी बाटली शोधण्याची गरज नाही. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या बाटलीवर व्ही. एस. असे लिहिले असेल, तर त्यातील सर्वांत कोवळी ब्रँडी किमान २ वर्षे पिंपात मुरलेली असते, व्ही. एस. ओ. पी. साठी ही मुदत ४ वर्षे आणि एक्स. ओ. साठी १० वर्षे आहे. सावरसाठी पहिल्या दोन प्रतींपैकी कोणतीही योग्य ठरते. दहा-दहा वर्षे मुरलेल्या ब्रँडीतील नाजूक गंध लिंबाच्या रसाखाली दबून जातात, त्यामुळे ती सावरमध्ये घालणे मला उधळपट्टी वाटते. शेरी या वाइनच्या पिंपात मुरलेली स्पॅनिश ब्रँडीही चांगली लागते, मात्र ती अधिक गोड आणि मनुकांच्या चवीची असते, म्हणून तिच्याबरोबर पाकाचे माप कमी ठेवावे. ब्रँडी द्राक्षांचीच आहे ना, एवढे लेबलवर आवर्जून पाहावे.

लिंबाच्या बाबतीत मराठीत एक गोंधळ आहे, कारण लांबट, जाड सालीच्या पिवळ्या लेमनला आणि लहान, गोल, पातळ सालीच्या लाइमलाही आपण सरसकट लिंबूच म्हणतो. मूळ कृतीत अपेक्षित आहे ते पिवळे लेमन. लहान लिंबाने पेय बिघडत नाही, परंतु त्याचा आंबटपणा जिभेला अधिक टोचतो आणि त्याचा स्वतःचा गंध ब्रँडीवर कुरघोडी करतो. ते वापरायचे असल्यास रस ५ मिलिलिटरने कमी घ्यावा. फळ फ्रीजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवून ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवल्यास रस अधिक सुटतो. तो पिळताना मात्र शेवटच्या थेंबासाठी साल पिरगळू नये, कारण सालीच्या आतील पांढऱ्या भागाचा कडवटपणा रसात उतरतो. रस गाळून घ्यावा आणि त्याच दिवशी संपवावा. बाटलीतला टिकाऊ रस येथे चालत नाही. त्यात आंबटपणा असतो, पण ताजेपणा नसतो.

साखर सुटी न घालता पाक करूनच घालावी, कारण थंड आणि मद्ययुक्त द्रवात साखर नीट विरघळत नाही आणि शेवटच्या घोटात दाताखाली कचकचते. १०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलिटर पाणी एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. येथे तारेचा पाक नको आहे. मिश्रण उकळत ठेवल्यास पाणी आटते, पाक दाट होतो आणि पुढचे सगळे माप चुकते. थंड झाल्यावर स्वच्छ बाटलीत भरून तो फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत वापरावा.

एका ग्लाससाठी ६० मिलिलिटर ब्रँडी, २५ मिलिलिटर लेमनचा रस आणि १५ ते २० मिलिलिटर पाक घ्यावा. अंदाजाने ओतू नये. लिंबाचा किंवा पाकाचा एक जादा चमचा संपूर्ण ग्लास फिरवतो. मोजण्याचे खास माप नसेल, तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारे, मिलिलिटरच्या खुणा असलेले छोटे कप स्वच्छ धुऊन वापरता येतात. तिन्ही घटक शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या झाकणाच्या भांड्यात, घातल्यावर, बर्फ घालण्यापूर्वी, एक थेंब चमच्याने चाखावा. या टप्प्यावर मिश्रण हवे त्यापेक्षा थोडे गोड आणि बरेच कडक लागले पाहिजे. थंडाव्याने गोडवा जिभेला कमी जाणवतो आणि हलवताना वितळलेल्या बर्फाचे पाणीही पेयात मिसळते. म्हणून आताच अगदी बरोबर वाटणारे मिश्रण ग्लासात पोचेपर्यंत पाणचट आणि आंबट झालेले असते.

अंड्याचा पांढरा बलक ऐच्छिक आहे, मात्र पेयावर दिसणारा मऊ, दाट फेस त्याच्यामुळेच येतो. त्यातील प्रथिने हलवण्याने उलगडतात आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती जाळे धरतात. पिवळ्या बलकाचा अंश आत गेला, तर त्यातील स्निग्धतेमुळे फेस नीट धरत नाही, म्हणून अंडे आधी वाटीत फोडून पांढरा बलक वेगळा करावा. एका ग्लासला १५ ते २० मिलिलिटर पांढरा बलक पुरतो. मोठ्या अंड्यातून साधारण दोन ग्लासांची सोय होते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो, त्यामुळे पाश्चराइज केलेला बलक मिळाल्यास तोच घ्यावा आणि गरोदर स्त्रिया किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्यासाठी कच्चे अंडे वापरूच नये. शाकाहारी माणसांसाठी काबुली चणे शिजवलेले, थंड केलेले दाटसर पाणी २० मिलिलिटर घेतल्यास आश्चर्य वाटावे इतका चांगला फेस येतो. ते पाणी बिनमिठाचे असावे एवढेच.

बलक घातल्यावर शेकर प्रथम बर्फाशिवाय पंधरा सेकंद जोरात हलवावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात याच टप्प्यावर झाकण उडून अर्धे मिश्रण भिंतीवर गेले होते. बर्फ असताना आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आपोआप घट्ट बसते. कोरडे हलवताना ही मदत मिळत नाही, उलट फेस आतून दाब देतो. त्यामुळे झाकणावर एक हात आणि तळाखाली दुसरा हात पक्का ठेवावा. शेकर नसेल, तर घट्ट झाकणाची काचेची रुंद तोंडाची बरणी पूर्ण काम भागवते.

त्यानंतर शेकर दोन-तृतीयांश भरेल इतका बर्फ घालावा. बर्फ मोठ्या, घट्ट खड्यांचा आणि थेट फ्रीजरमधून काढलेला असावा. ताटलीत पाणी सुटलेला बर्फ पेय थंड करण्याआधीच ते पातळ करतो. आता बारा ते पंधरा सेकंद दणकून हलवावे. किती हलवले हे घड्याळापेक्षा कान अधिक चांगले सांगतात: सुरुवातीचा खणखणीत आवाज फेसामुळे हळूहळू दबका होत जातो, स्टीलच्या शेकरवर पांढुरके दव धरते आणि तो हातात धरवेनासा होतो. तेव्हा थांबावे. मद्यार्कामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो, म्हणून नीट हलवलेले सावर शून्य अंशाच्याही खाली थंड होऊ शकते. फ्रीजरमध्ये आधीच ठेवलेल्या ग्लासात ते गाळून ओतावे आणि शेकरच्या गाळणीखाली चहाची बारीक गाळणी धरावी, म्हणजे बर्फाचा चुरा व गराचे तुकडे अडतील.

ग्लास दांड्याचा असल्यास बर्फ घालू नये. आखूड, रुंद ग्लासात एक मोठा खडा शोभतो आणि पेय अधिक वेळ थंड राहते. फेस मिनिटभर स्थिरावू द्यावा आणि त्यावर अँगोस्टुरा बिटर्स या कडवट, मसालेदार अर्काचे तीन-चार थेंब टाकावेत. हे बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने औषध म्हणून तयार केले होते. आज ते त्रिनिदादमध्ये बनते. येथे त्याचे काम शोभेपुरते नाही. बलकाला काही वेळाने ओलसर वास येऊ लागतो आणि नाक ग्लासाजवळ नेताच आधी बिटर्सचा मसालेदार गंध आल्यामुळे तो वास जाणवत नाही. शेवटी लेमनच्या सालीची एक पट्टी ग्लासवर पिळून तिचे तेल फेसावर उडवावे.

चव चुकल्यास ग्लासातही सुधारणा होते, मात्र ५-५ मिलिलिटरनेच. घशाला आंबट ओरखडा जाणवल्यास थोडा पाक घालावा. गोड आणि जड वाटल्यास लेमनचा रस घालावा. दोन्ही ठीक असूनही पेय बोथट लागत असेल, तर रस शिळा आहे किंवा बर्फ फार वितळला आहे असे समजावे, आणि त्यावर त्या ग्लासापुरता उपाय नाही.

सायप्रसमध्ये ब्रँडी सावर या नावाने मिळणारे पेय वेगळे असते, हेही ठाऊक असावे. तेथे उंच ग्लासात स्थानिक ब्रँडी, गोड लेमन स्क्वॅश आणि बिटर्स घालून वर सोडा ओततात, बलक नसतो. चहासारखे दिसणारे हे पेय इजिप्तच्या राजा फारूकसाठी, त्याचे मद्यपान इतरांच्या नजरेत येऊ नये म्हणून, ट्रोडोस डोंगरातील एका हॉटेलात तयार झाले अशी आख्यायिका सांगतात. स्क्वॅशमध्ये साखर असतेच, त्यामुळे त्या प्रकारात पाक वेगळा घालू नये.

४० टक्के मद्यार्काच्या ६० मिलिलिटर ब्रँडीत २४ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो आणि आंबट-गोड चवीमुळे तो जाणवत नाही, म्हणून दुसरा ग्लास भरण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्यावा. त्या वेळात शेकर धुऊन घ्यावा, आणि तोही आधी थंड पाण्याने, कारण गरम पाणी ओतल्यास उरलेला बलक शिजून झाकणाच्या खाचेत घट्ट बसतो आणि नंतर तो टोकदार काडीनेच खरवडावा लागतो.