जन्म डावीकडे, मृत्यू उजवीकडे: संगीतकारांच्या तारखांची वही कशी करावी

माझी वही ३६६ पानांची आहे. प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे त्या तारखेला जन्मलेले संगीतकार, उजवीकडे त्या तारखेला गेलेले. मी तबला शिकवते. सकाळी रियाजाला बसण्याआधी त्या दिवसाचं पान उघडायचं, दोन्ही बाजूंचं एकेक नाव निवडून थोडं ऐकायचं आणि मगच तबल्याला हात लावायचा, हे गेली एकोणीस वर्षं चाललंय. माझे विद्यार्थी ही वही बघून स्वतःची करायला घेतात आणि महिन्याभरात बहुतेक सगळे एकाच जागी अडकतात: नावं भराभर उतरवली जातात, पण तारखा खऱ्या आहेत का हे कुणी बघितलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

सुरुवात तारखेपासून करू नका, माणसांपासून करा. ज्यांचं वादन-गायन तुम्ही खरोखर ऐकता अशी तीस-चाळीस नावं एका कागदावर काढा. प्रत्येक नावाच्या दोन तारखा शोधा आणि त्या-त्या पानावर टाका. माझ्या वहीतलं पहिलं नाव अल्लारखाँचं होतं: जन्म २९ एप्रिल १९१९, मृत्यू ३ फेब्रुवारी २०००. काही दिवसांनी ड्यूक एलिंग्टनची नोंद करायला गेले तर पान तेच निघालं, २९ एप्रिल, साल १८९९. बरोबर वीस वर्षांचं अंतर. मग ३ फेब्रुवारीच्या पानावर डावीकडे मेंडेल्सन आला, जन्म १८०९, आणि उजवीकडे अल्लारखाँच्या वर बडी हॉली, जो १९५९ साली त्या दिवशी विमान अपघातात गेला. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एका पानावर शेजारी बसली आणि मला त्यांना एकापाठोपाठ ऐकावंसं वाटलं. ही वही त्यासाठीच आहे.

नोंद करताना शिसपेन्सिल वापरा. तारीख तपासून झाली की शाईने गिरवा. पेन्सिलीतली तारीख कुणाला सांगायची नाही, हा माझ्या शिकवणीतला नियम आहे.

आता तपासायचं कसं? पाच ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं होत नाही. पाचांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं असू शकतं. साक्षीदार म्हणजे जन्माची किंवा बाप्तिस्म्याची (बाळ जन्मल्यावर लवकरच होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीची) नोंद, थडग्यावरचा लेख, त्या माणसाचं स्वतःचं पत्र, त्याच आठवड्यातलं वर्तमानपत्र. तेही एकमेकांशी भांडतात. लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० असा सांगत आला. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी न्यू ऑर्लिन्समधल्या एका चर्चच्या नोंदवहीत त्याचा बाप्तिस्मा सापडला आणि खरी तारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१. त्यामुळे तो माझ्या वहीत किशोरकुमारच्या शेजारी येऊन बसला, जन्म ४ ऑगस्ट १९२९. ती जुनी नोंद कुणी उघडून पाहिली नसती तर ही जोडी जुळलीच नसती.

शोपँचं उलटं आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत २२ फेब्रुवारी १८१० आहे, पण तो स्वतः आणि त्याच्या घरचे १ मार्च मानत. इथे कागद जिंकतो की आई, हे मी ठरवत नाही. मुख्य नोंद १ मार्चला, कारण तो दिवस त्याने स्वतः आपला मानला. २२ फेब्रुवारीच्या पानावर लहान अक्षरांत ‘पहा १ मार्च’. बेथोव्हनच्या बाबतीत हातात फक्त बाप्तिस्मा आहे, १७ डिसेंबर १७७०. जन्म आदल्या दिवशीचा धरतात, पण तो अंदाज आहे. मी १७ तारखेच्या पानावर ‘बाप्तिस्मा’ असा शब्द लिहूनच त्याला ठेवलाय. जे माहीत आहे तेवढंच लिहावं.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मला तो चूक करून कळला. एका छोट्या श्रवणसभेत मी सांगितलं होतं की ब्राम्स आणि चायकोव्हस्की एकाच दिवशी जन्मले, ७ मे, एक १८३३ साली आणि दुसरा १८४० साली. सभेनंतर एक वयस्कर श्रोते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “ताई, चायकोव्हस्कीच्या आईला विचारलं असतं तर तिने २५ एप्रिल सांगितलं असतं.” घरी येऊन मी रात्रभर वही उलटीपालटी केली.

रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती. ती आपल्या आजच्या ग्रेगरियन दिनदर्शिकेच्या मागे पडत जाते: सतराव्या शतकात १० दिवस, अठराव्यात ११, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात आणि आताच्या शतकात १३. चायकोव्हस्कीचा जन्म त्याच्या घरच्या भिंतीवर २५ एप्रिलचा आणि मृत्यू २५ ऑक्टोबर १८९३ चा. आपल्या हिशेबाने ७ मे आणि ६ नोव्हेंबर. म्हणजे ब्राम्सशी त्याची जोडी जुळते ती आपण दोघांना एका दिनदर्शिकेवर आणल्यावर. जोडी खोटी नाही. पण ती कोणत्या मोजपट्टीवर आहे हे पानावर लिहिलेलं असायला हवं. स्ट्राविन्स्कीकडे बघा: जन्म १८८२, जुन्या पद्धतीने ५ जून, नव्याने १७ जून. पण विसाव्या शतकात फरक तेरा दिवसांचा झाल्यावर तो वाढदिवस १८ जूनला करू लागला. राखमानिनॉव्हही तसंच १ एप्रिलऐवजी २ एप्रिल धरायचा. मी दोघांनाही जन्माच्या वेळचा फरक लावून, म्हणजे १७ जून आणि १ एप्रिलला ठेवते.

हे फक्त रशियाचं नाही. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनी १७०० साली दिनदर्शिका बदलली. बाख त्याआधीचा, १६८५ चा. त्याचा २१ मार्च हा जुन्या पद्धतीचा आहे, नव्याने ३१ मार्च होतो. आणि माझ्या २१ मार्चच्या पानावर बाखखाली मुसोर्गस्की आहे, जन्म १८३९, ज्याची तारीख बदलून नवी केलेली आहे. म्हणजे एकाच पानावर एक माणूस जुन्या मोजणीने आणि दुसरा नव्या! बरीच वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाखला हलवावं का, याचा मी खूप विचार केला. शेवटी जागेवरच ठेवला, कारण जग त्याला २१ मार्चलाच आठवतं. पण नावापुढे ‘जुनी’ असा शिक्का आणि ३१ मार्चला चिठ्ठी. त्याच पानावर बिस्मिल्ला खाँ आहेत. त्यांची तारीख २१ मार्च, पण साल १९१३ आणि १९१६ अशी दोन्ही सांगितली जातात. आपल्या कामासाठी तारीख पुरते, सालापुढे मात्र दोन्ही लिहा. हँडेलचा २३ फेब्रुवारी १६८५ हाही जुनाच, नव्याने ५ मार्च.

चांद्र तिथीने पाळले जाणारे स्मृतिदिन वेगळ्या पानावर ठेवा. त्यागराजांचा मृत्यू ६ जानेवारी १८४७ चा. पण त्यांची आराधना पुष्य बहुल पंचमीला (आपल्याकडची पौष वद्य पंचमी) होते आणि ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. वहीत ६ जानेवारीच लिहायचं.

मृत्यूच्या तारखेत आणखी दोन अडचणी येतात. पहिली, रात्रीची. व्हिवाल्डी व्हिएन्नात २७ आणि २८ जुलै १७४१ च्या मधल्या रात्री गेला. बाख गेला २८ जुलै १७५० ला. मी दोघांना २८ तारखेला ठेवलंय, पण व्हिवाल्डीपुढे ‘रात्र’ असं लिहून. दुसरी, घड्याळाची. रविशंकर ११ डिसेंबर २०१२ ला कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा भारतात १२ तारीख उजाडत होती. माझा नियम असा की माणूस जिथे गेला तिथली तारीख. तो पाळला म्हणून ते एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या पानावर आहेत, ज्या ११ डिसेंबर २००४ ला चेन्नईत गेल्या. बातमीच्या तारखेवर तर कधीच विसंबू नका. प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ ला मॉस्कोत गेला, त्याच दिवशी स्टालिन गेला, आणि एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या मृत्यूची बातमी कित्येक दिवस मागे पडली. झाकिर हुसेन यांच्या वेळी उलट झालं: १५ डिसेंबर २०२४ ला ते जाण्याआधीच गेल्याची बातमी पसरली होती. त्या दिवशी माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी ती खाली ठेवली. घरच्यांनी सांगितल्यावरच लिहिलं, आणि तेही त्या दिवशी नाही, चार दिवसांनी. तोवर मला ते लिहवत नव्हतं.

२९ फेब्रुवारीचं पान जरूर ठेवा. तिथे रोसिनी आहे, १७९२ चा. १८०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे १७९६ नंतर त्याची जन्मतारीख थेट १८०४ साली आली. त्याला २८ फेब्रुवारीवर ढकलू नका. चार वर्षांतून एकदा ऐकला तरी चालेल.

शंभरेक नावं झाली की जोड्या इतक्या दिसू लागतात की माणूस भारावून जातो. इथे थोडं गणित लक्षात असू द्या. कोणतीही २३ नावं घेतली तर त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५७ नावांत ती शंभरात नव्व्याण्णव होते. म्हणून जोडी सापडली की तिच्यात संकेत शोधत बसू नका. सिडनी बेशे १४ मे १८९७ ला जन्मला आणि १४ मे १९५९ ला गेला. मर्ल हॅगर्ड ६ एप्रिल १९३७ ला आला आणि ६ एप्रिल २०१६ ला गेला. असं होतं. मला त्यातून एवढंच मिळतं की त्या दिवशी दोन्ही रकाने एकाच माणसाचे, त्याची सुरुवातीची आणि अखेरची ध्वनिमुद्रणं ऐकायची. उलट बाजूनेही गणित कामाचं आहे: २९ फेब्रुवारी सोडून उरलेल्या ३६५ पानांवर किमान एक तरी नाव यायला सरासरी सुमारे २३६५ नोंदी लागतात. तेव्हा कोरी पानं राहिली म्हणून घाईघाईने, कधी न ऐकलेल्यांची नावं भरू नका.

पान कसं दिसतं ते दाखवते. हे माझं ८ सप्टेंबर:

जन्म: अंतोनिन द्वोर्झाक १८४१. जिमी रॉजर्स १८९७. भूपेन हजारिका १९२६. पॅट्सी क्लाइन १९३२ (पहा ५ मार्च). आशा भोसले १९३३.
मृत्यू: रिचर्ड श्ट्राउस १९४९.

आणि ५ मार्च:

जन्म: एइतोर व्हिला-लोबोस १८८७. गंगूबाई हनगल १९१३ (गुरू पहा १२ सप्टेंबर). चिठ्ठी: हँडेल.
मृत्यू: थॉमस आर्न १७७८. प्रोकोफिएव्ह १९५३. पॅट्सी क्लाइन १९६३, विमान अपघात, वय ३०.

कंसातल्या त्या ‘पहा’मुळे वही जिवंत होते. १२ सप्टेंबरला गेलात तर उजवीकडे गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व १९५२ आणि मल्लिकार्जुन मन्सूर १९९२, त्यांच्या वर रामो १७६४, खाली जॉनी कॅश २००३. ते पान मला जड जातं. त्या दिवशी मी एकच माणूस ऐकते, आणि बहुतेक वेळा मन्सूरअण्णाच.

ऐकण्याचा क्रम: आधी उजवा रकाना, मग डावा. गेलेल्याला आधी ऐकलं की कान शांत होतो, नंतर जन्मलेल्याचा पहिला सूर स्वच्छ ऐकू येतो. मी दोन्ही क्रम करून पाहिलेत, हाच टिकला. २७ जानेवारीला निखिल बॅनर्जींचा आलाप (ते १९८६ साली त्या दिवशी गेले), मग थोडी शांतता, मग मोत्सार्ट, जो १७५६ साली त्या दिवशी जन्मला. उजव्या रकान्यात व्हेर्दीही आहे, १९०१, आणि महालिया जॅक्सन, १९७२. त्यांची पाळी पुढच्या वर्षांत येते. एका सकाळी सगळं पान संपवायचं नाही. प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. शोकगीतं मुद्दाम शोधू नका; गेलेल्या माणसाचं सगळ्यात आनंदाचं वादन लावा.

हयात कलाकारांचं नाव फक्त डावीकडे. उजवीकडे त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायची नाही.

चूक सापडली तर खोडरबर नको. एका रेघेने कापा, शेजारी नवी तारीख आणि ती का बदलली ते एका ओळीत. पुढे वही ज्याच्या हाती जाईल त्याला आधी काय चुकलं होतं तेही दिसू दे. माझ्या ७ मेच्या पानावर ब्राम्सच्या खाली अशी एक ओळ आहे: “चायकोव्हस्की १८४०. घरी २५ एप्रिल.”