ओएस निवडताना आधी शेवटची तारीख बघा

सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे "कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू?" हा प्रश्न मला सतत येतो. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: हे मशीन किती वर्षं चालवायचं आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी कुठलंच नाव सुचवत नाही. चालू सर्व्हरवरची ओएस बदलण्याइतकं कटकटीचं काम नाही, आणि सुरक्षा अपडेट बंद झाले की ते करावंच लागतं.

म्हणून सर्व्हरसाठी आधी तारखा बघा. उबुंटू या लिनक्स ओएसची एलटीएस (दीर्घकाळ आधाराची) आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने मिळतात, त्या सर्व्हरवर टाकूच नका. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीला ३ वर्षं आणि त्यापुढे एलटीएस गटाकडून आणखी २ वर्षं आधार असतो. रेड हॅट लिनक्सचा आधार १० वर्षांचा, पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते. त्याच धर्तीच्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स मोफत आहेत.

तारीख कोण देतंय तेही महत्त्वाचं. रेड हॅटच्याच धर्तीच्या मोफत सेंटओएस ८ ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील या हिशोबानं लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२०मध्ये अचानक जाहीर झालं, की ती ३१ डिसेंबर २०२१ला बंद होणार. तेव्हा ज्यांच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत होत्या, इन्स्टॉल केलेल्या पॅकेजची यादी लिहिलेली होती आणि डेटा वेगळ्या डिस्कवर होता, त्यांना दुसरीकडे जाणं सोपं गेलं असणार. कुठलीही ओएस घ्या, ही तयारी पहिल्या दिवशीच करा.

माझी स्वतःची पसंती डेबियनला. नुसतं मूळ इन्स्टॉलेशन केलं तर त्यावर फारसं काही चालू नसतं. काय चालवायचं ते मी ठरवते. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जायची पद्धत रिलीज नोट्समध्ये पायरीपायरीनं दिलेली असते. त्या नोट्स खरंच वाचा, आणि अपग्रेड आधी व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर) करून बघा. सर्व्हरचं मुख्य काम फाइली साठवण्याचं असेल तर फ्रीबीएसडी या ओएसचा जरूर विचार करा, तिथे झेडएफएस ही फाइली साठवण्याची प्रणाली मूळ सिस्टीममध्येच मिळते. तुमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज सर्व्हरवर चालत असेल, तर तोच घ्या. आडवळणानं दुसऱ्या ओएसवर चालवलेलं सॉफ्टवेअर पुढे सांभाळणाऱ्याचा जीव खातं.

घरच्या कॉम्प्युटरचं गणित उलटं असतं. तिथे आधी रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची यादी करा. फोटोशॉपवर पोट असेल तर विंडोज किंवा मॅक, विषय संपला. काम ब्राउझर, ईमेल आणि लिबरऑफिसमध्ये भागत असेल तर लिनक्स मिंट आनंदानं टाका. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन बाद ठरवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिंट त्यांतल्या बऱ्याच मशीनवर उत्तम चालतं.

पण आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, डिस्कला हात लावू नका. वायफाय लागतं का, आवाज आणि कॅमेरा चालतो का, प्रिंटर ओळखला जातो का, देवनागरी टाइप होतं का, हे तपासा. लॅपटॉपचं झाकण लावून पुन्हा उघडाच. झोपलेलं मशीन नीट जागं न होणं ही तक्रार फार जुनी आहे आणि लोक नेमकं तेच तपासायचं विसरतात.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल, तर पार्टिशन (डिस्कचे भाग) बदलण्याआधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलीत नको.