बेस की स्पोर्ट? बुकिंगच्या आधी गाडी माणसांनी भरा

एकाच गाडीचं साधं, स्वस्तातलं बेस व्हेरियंट घ्यायचं की स्पोर्ट, एवढाच इथला प्रश्न; बजेट, रंग, लोनचा हप्ता हे तुमचं तुम्ही बघा, त्यावर मी काही सांगत बसत नाही. मागच्या खेपेला मी स्पोर्ट व्हर्जन एकट्यानेच चालवलं, शेजारी सेल्सवाला, रिकाम्या रोडला एक चक्कर, आणि बुक करून मोकळा झालो. आता कुठं जायचं म्हटलं की आई विचारते, रिक्षा बोलवायची का. आता भावासाठी नवी गाडी घ्यायची चाललीये, त्याच्यासाठी म्हणून हे लिहून काढलं, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी स्पोर्टच्या नावाखाली नक्की काय देतायत ते बघा, कारण यात फसवाफसवी फार आहे. ह्युंदाईचं 'स्पोर्ट्झ' हे फक्त मधलं व्हेरियंट आहे, एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अस्टा अशी ती शिडी, स्पोर्टशी त्याचा काही संबंध नाही. खरी वेगळी गाडी म्हणजे आय-20 एन लाइन. साध्या आय-20 मध्ये 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, 83 पीएस (इंजिनची ताकद), 115 न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर); एन लाइनमध्ये 1.0 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो (जास्तीची हवा ढकलून ताकद वाढवलेलं इंजिन), 120 पीएस, 172 न्यूटन मीटर, शिवाय सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जड, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सायलेन्सरचा आवाज वेगळा. टाटाचंही तसंच, साधी अल्ट्रोझ पेट्रोल 88 पीएस आणि 2024 ला आलेली रेसर 120 पीएस. हे झाले खरे स्पोर्ट. बाकी काळा रंग, लाल शिलाई, दारावर पट्टा आणि मागे बंपरखाली खोट्या पट्ट्यांचा डिफ्यूझर असला प्रकार असेल तर तो स्टिकर आहे, त्याला जास्तीचे पैसे देऊ नका, विषय संपला.

आता टेस्ट ड्राइव्ह. इथं नीट वाचा.

दोन्ही गाड्या भरून चालवायच्या. भरून म्हणजे आई, बाबा, बायको, पोरगं, आणि डिकीत दोन बॅगा. शोरूमवाला कुरकुर करेल, करू दे, तुम्ही लाखो रुपये देताय. एकट्याने चालवली तर दोन्ही गाड्या तुमच्याशी खोटं बोलतात, बेस गाडी हलकी असल्यामुळे चपळ वाटते आणि स्पोर्टमध्ये तुम्ही पुढच्या सीटवर स्टिअरिंग धरून बसलेले असता त्यामुळे धक्के जाणवत नाहीत, जाणवले तरी मजाच वाटते. मागे बसणाऱ्याला मजा वाटत नसते.

बेसची परीक्षा चढावर. पुण्यातले असाल तर बोपदेव घाट किंवा जुना कात्रज घाट, एसी चालू, पाच जण आत, आणि वळणावर पुढे टेम्पो आला की तिसऱ्यात ओढते का दुसरा टाकावा लागतो ते बघा. साध्या इंजिनाचा टॉर्क वर, चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे फेरे) आसपास जाऊन मिळतो, म्हणजे भरल्या गाडीत तुम्हाला इंजिन ओरडवत न्यावं लागणार. टर्बोत तोच टॉर्क दीड-दोन हजारालाच येतो, घाटात खरंच सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या खाली आरपीएम पडला, म्हणजे चढावरच्या गतिरोधकाला तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलात, की गाडी क्षणभर मेल्यासारखी होते आणि मग एकदम सुटते. हे रिकाम्या गाडीत कळत नाही. भरा. सांगतोय ना, भरा.

स्पोर्टची परीक्षा मागच्या सीटवर. आणि ही परीक्षा तुम्ही स्वतः द्यायची, गाडी बायकोला किंवा भावाला चालवायला द्या आणि तुम्ही मागे डाव्या कोपऱ्यात बसा. एक गंमत सांगतो जी कोणी सांगत नाही. कडक सस्पेन्शनची गाडी पूर्ण भरली की उलट थोडी सुधारते, स्प्रिंग दबतात, उसळणं कमी होतं. सगळ्यात वाईट हाल होतात ते मागे एकटं म्हातारं माणूस बसलेलं असताना, कारण मागचा भाग रिकामा, स्प्रिंग ताठ, आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत. आणि रोजचा वापर तोच असतो ना, आईला डॉक्टरकडे न्यायचं, बाबांना बँकेत. म्हणून दोन फेऱ्या, एक पूर्ण भरून आणि एक मागे फक्त आईला बसवून. हायवेवर नाही, तुमच्या घराजवळच्या त्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर आणि ते सोसायटीवाल्यांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेले उंचवटे असतात त्यांवरून. आईला नंतर शोरूममध्ये विचारू नका, तिथं ती चांगली आहे हो असंच म्हणणार, घरी येऊन चहा झाल्यावर विचारा. चढता-उतरताना गुडघ्याला त्रास होतो का तेही तेव्हाच बघा, अल्ट्रोझची दारं नव्वद अंशात उघडतात, म्हाताऱ्या माणसांना त्याचा किती फरक पडतो ते ब्रोशर वाचून समजणार नाही.

निघण्याआधी टायरची हवा तपासा, आधी हे. शोरूमच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांत हवा जास्त भरून ठेवलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर 33 वगैरे लिहिलेलं असतं आणि टायरमध्ये निघते 40, मग चांगली गाडीपण दगडासारखी लागते आणि तुम्ही उगाच सस्पेन्शनला शिव्या घालता. पंपावर थांबून दोन्ही गाड्यांची सारखी करा, मग तुलना करा.

आणि जे व्हेरियंट घेणार तेच चालवायला मागा. मॅन्युअल घेणार असाल आणि ते डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) देत असतील तर नको म्हणा. ड्राय क्लचवाला डीसीटी घेणार असाल तर संध्याकाळी सातला सिंहगड रोडला न्या, रांगत चालताना धक्के देतो का बघा. ब्रोशरमध्ये जो ग्राउंड क्लिअरन्स छापलेला असतो तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो, अल्ट्रोझचा 165, आय-20 चा 170 मिलिमीटर, पाच माणसं बसल्यावर त्यातलं किती उरलं ते तुमच्या पार्किंगच्या रॅम्पवर कळेल. भरलेली गाडी रॅम्पवरून खाली घ्या आणि वर काढा, पोट घासलं तर आवाज येतोच. (परत सांगतो, भरलेली.)

बेसमध्ये काय नसतं त्याची यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा, नंतर बाहेरून बसवता येतं ते आणि येत नाही ते. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर बाहेरून होतं, फक्त वायर कापून जोडणाऱ्याकडे जाऊ नका, वॉरंटी जाते, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावणाराच गाठा. पण मागच्या काचेचा डिफॉगर, मागचा वायपर, ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करायची सोय, मागचे डिस्क ब्रेक, इंजिन, हे कुणी नंतर लावून देणार नाही. डिफॉगरला हसू नका, गणपतीला भर पावसात कोकणात जाताना आत पाच जण श्वास घेतायत आणि मागची काच पांढरी झालीये, मग कळतं. एअरबॅग व्हेरियंट बघून मोजा, 2023 च्या फेसलिफ्टपासून आय-20 ला सहाही सगळ्याच व्हेरियंटमध्ये आहेत, पण सगळ्या कंपन्यांचं तसं धरून चालू नका. आणि बेस आणि स्पोर्टच्या मध्ये दोन-तीन व्हेरियंट असतात हे आपण भांडणाच्या भरात विसरतो, पुष्कळदा उत्तर तिथंच असतं.

चाकं. स्पोर्टला 16 इंची अलॉय आणि पातळ टायर, दिसतात झकास, पण खड्ड्यात साइडवॉलला फुगा आला की टायर गेला. बेसचं स्टीलचं रिम वाकतं, टायरवाला ठोकून सरळ करून देतो. स्टेपनी काढून बघा, बऱ्याच गाड्यांत ती लहान आकाराची असते.

पैशाचं. जुने व्हिडिओ बघून किंमत धरू नका, 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झालाय, बेस असो की टर्बो, दोन्ही त्यातच बसतात. महाराष्ट्रात मात्र पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत 11 टक्के आणि दहाच्या वर 12, तोही पूर्ण किमतीवर, त्यामुळे स्पोर्ट दहाच्या जरा वर जात असेल तर एक व्हेरियंट खाली उतरून हिशोब करून बघा. दहाच्या वर एक टक्का टीसीएसही (विकणारा आगाऊ घेतो तो इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरलं की मिळतो, पण त्या दिवशी खिशातून जातो. इन्शुरन्समध्ये उलटी गंमत आहे, नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आणि तो सीसीवर ठरतो, 2022 च्या दरांत 1000 सीसीपर्यंत 6,521 आणि त्याच्यावर 1500 पर्यंत 10,640, म्हणजे 998 सीसीचं टर्बो इथं 1197 सीसीच्या बेसपेक्षा स्वस्त पडतं. खूश होऊ नका, ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) ते वसूल होतं. टर्बोचं मायलेज शहरात तुमच्या उजव्या पायावर आहे, कागदावरचा आकडा विसरा.

विकताना काय मिळेल? टियागो जेटीपी आणि बलेनो आरएस या अशाच स्पोर्ट गाड्या होत्या, दोन्ही 2020 पर्यंत बंद झाल्या. शौकीन माणूस भेटला तर चांगली किंमत, नाही भेटला तर बसा. अशा गाड्यांचे वेगळे बंपर, स्कर्ट वगैरे मिळायला वेळ लागतो हेही धरा.

पुढचं भरभर. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, कोट आणा. हँडलिंग चार्ज लावला तर काढायला लावा. अ‍ॅक्सेसरी पॅक नको. गाडी पासिंगला पाठवायच्या आधी यार्डात जाऊन बघा, चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना, किलोमीटर, रंगाचे चट्टे, टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा, आणि व्हेरियंट तेच आहे ना. टेस्ट ड्राइव्ह भरून घेतली नसेल तर अजून टोकन देऊ नका, दिलं असेल तर परत जाऊन आईला बसवून आणा, पासिंग व्हायच्या आत. दोन चाव्या घ्या, जॅक-पाना मोजून घ्या. टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढंच पेट्रोल असतं, पेढे वाटायच्या आधी पंप गाठा.