डॅम्पिंगने फ्रीक्वेन्सी नेमकी किती उतरते, ते घरी मोजा

डॅम्पिंग (दोलन हळूहळू जिरवणारा विरोध) वाढलं की फ्रीक्वेन्सी (सेकंदाला होणारी दोलनं) कमी होते, हे आमच्या सांगलीतलं बारावीचं कुठलंही पोर धडाधड सांगतं. किती कमी होते विचारलं, की वर्ग गप्प. मला तर त्या ‘किती’तच सगळी गंमत वाटते. म्हणून स्प्रिंगला टांगलेलं वजन वर-खाली हलवून हे एकदा हाताने मोजाच.

वजनाला पुठ्ठ्याची चकती लावून किंवा वजन पाण्यात बुडवून हा प्रयोग करू नका. चकतीबरोबर हवा ओढली जाते, वजनाबरोबर पाणी. म्हणजे हलणारं वस्तुमानच वाढतं, आवर्तकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) त्यानेही लांबतो आणि सगळं डॅम्पिंगच्या खात्यावर जमा होतं. त्यापेक्षा चुंबक आणि ॲल्युमिनियमचा पाइप घ्या. चुंबक आत हलला की पाइपच्या धातूत वीजप्रवाह फिरतात आणि गतीला विरोध करतात. स्प्रिंग आणि वस्तुमान आहे तेच राहतं.

जाड पाइपचा वीतभर तुकडा कुपवाडच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे मागून बघा. वजन पितळीच हवं, लोखंडी नको. निओडिमियम चुंबक आणि वजन चिकटपट्टीने एकत्र बांधा, सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. स्प्रिंग पोलादी असते, चुंबक तिला ओढू नये म्हणून दोघांच्या मध्ये चांगला हातभर दोरा सोडा. एका दोलनाला साधारण एक सेकंद लागेल अशी मऊ स्प्रिंग निवडा.

आधी पाइप न लावता २० दोलनं मोजा. घड्याळ टोकाला नाही, वजन मधल्या खुणेवरून जाताना सुरू करा. तिथे वेग सर्वांत जास्त, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. त्या क्षणाला ‘शून्य’ म्हणा.

आता चुंबकाभोवती पाइप लावा आणि आयाम (मधल्या खुणेपासून टोकापर्यंतचं अंतर) निम्मा व्हायला किती दोलनं लागतात ते बघा. ०.११ ला त्या संख्येने भागलं की डॅम्पिंग गुणोत्तर, म्हणजे डॅम्पिंग किती जोरदार आहे ते सांगणारा आकडा, मिळतो. त्याच्या वर्गाच्या निम्म्याइतकी फ्रीक्वेन्सी उतरते. समजा, ५ दोलनांत आयाम निम्मा झाला. गुणोत्तर ०.०२२, घट फक्त ०.०२४ टक्के! २० दोलनांत जेमतेम ५ मिलिसेकंदांचा फरक. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूकच याच्या कितीतरी पट असते. मिरजेत तंबोऱ्याच्या तारेला कापसाचा हलका बोळा टेकवून छेडली, तर नाद पटकन विरतो, सूर मात्र तोच लागतो, तो याचमुळे.

फरक डोळ्यांनी दिसायला हवा तर डॅम्पिंग बरंच वाढवावं लागतं, आणि तेव्हा मोजायला दोलनंच उरत नाहीत. इथे मोबाइलचा स्लो मोशन कामाला येतो. चुंबक वाढवा (वाढवल्यावर पाइपशिवायचा आवर्तकाल पुन्हा घ्या) किंवा घट्ट बसणारा पाइप वापरा. एका दोलनात आयाम एक-पंचमांशावर आला, की गुणोत्तर सुमारे ०.२५ असतं आणि आवर्तकाल ३.२ टक्क्यांनी लांबतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत एका सेकंदाच्या दोलनाला हा फरक सात-आठ फ्रेमचा पडतो, स्वच्छ मोजता येतो. मोबाइल चुंबकापासून लांब ठेवा. वजन मधली खूण न ओलांडताच थांबायला लागलं, तर गुणोत्तर १ वर किंवा त्याच्याही पुढे गेलंय. तिथे मोजायला आवर्तकालच नाही. एक चुंबक काढा आणि पुन्हा सोडा.