दुसरं टर्बाईन बसवताय? पॉवर फॅक्टर पॅनेलवर नाही, ग्रिडच्या मीटरवर मोजा

निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या कर्नाटकाच्या सीमाभागात साखर कारखान्याची गाळप क्षमता वाढली की सहवीज प्रकल्पात नवं टर्बाईन येतंच. बॉयलर, बगॅस कॅरिअर आणि फाउंडेशन यांवर महिनोन् महिने खल होतो. अल्टरनेटरच्या (टर्बाईनवरच्या जनित्राच्या) नेमप्लेटवर 0.8 दिसलं की पॉवर फॅक्टरचा, म्हणजे एकूण विजेत कामाची वीज किती या प्रमाणाचा, विषय मात्र मिटला असं सगळे धरून चालतात. तो मिटलेला नसतो. नेमप्लेट मशीनची ताकद सांगते, ग्रिडची अट जोडणीच्या ठिकाणी तपासली जाते आणि मधे कारखान्याचा लोड व ट्रान्सफॉर्मर दोघंही व्हार, म्हणजे काम न करणारी पण चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी वीज, खातात.

आधी नियम. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे ग्रिड जोडणीचे तांत्रिक निकष 2007 चे आहेत आणि त्यांत पुढे दुरुस्त्या झाल्या. 1 जानेवारी 2014 नंतर सुरू झालेल्या जनित्राला पूर्ण मेगावॅट देत असताना 0.85 लॅगिंग ते 0.95 लीडिंग एवढ्या पट्ट्यात चालता आलं पाहिजे. तेही व्होल्टेज 5 टक्के वरखाली असताना. पवन आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्रकल्पांसाठी हा पट्टा 0.95 लॅगिंग ते 0.95 लीडिंग आहे. म्हणून जुनं आणि नवं मशीन एकाच मापाने मोजू नका. प्रत्येकाची सुरू झाल्याची तारीख आणि कॅपॅबिलिटी कर्व्ह (किती मेगावॅटला किती व्हार देता-घेता येतात तो आलेख) वेगळे काढून ठेवा, त्यानंतर तुमच्या वीज खरेदी करारातली आणि जोडणी करारातली अट वाचा. ती याहून कडक असू शकते.

लॅगिंग-लीडिंग या शब्दांवर कंट्रोल रूममध्ये हमखास गोंधळ होतो, कारण ग्राहकाचं लॅगिंग म्हणजे व्हार ओढणं आणि जनित्राचं लॅगिंग म्हणजे व्हार देणं. शिफ्टच्या लॉगशीटमध्ये पॉवर फॅक्टरच्या शेजारी एमव्हार (दहा लाख व्हार) आणि त्याची दिशा, आत की बाहेर, असे दोन रकाने ठेवा. वाद तिथेच मिटतो.

आता आकडे. धरा, जुनं मशीन 12 मेगावॅट आणि नवं 18 मेगावॅट, दोन्ही 11 केव्ही, 0.8 चे. म्हणजे 15 आणि 22.5 एमव्हीए (मेगावॅट आणि एमव्हार मिळून मशीनची एकूण क्षमता). गाळप चालू असताना कारखाना स्वतः 8 मेगावॅट घेतो, 0.85 पॉवर फॅक्टरने. उरलेले 22 मेगावॅट 30 एमव्हीए, 12 टक्के इंपिडन्सच्या (अंतर्गत विरोधाच्या) ट्रान्सफॉर्मरमधून 110 केव्ही लाइनवर जातात.

कारखान्याचे 8 मेगावॅट सुमारे 4.96 एमव्हार ओढतात. ट्रान्सफॉर्मर या लोडला साधारण 2 एमव्हार खातो. दोन्ही अल्टरनेटर पॅनेलवर 1.00 दाखवत असतील, तर हे 7 एमव्हार ग्रिडकडून येतात आणि 110 केव्ही मीटरवर पॉवर फॅक्टर 0.953 लीडिंग दिसतो. ऑपरेटर म्हणतो युनिटीवर चालवलं, बिलात मात्र व्हार ओढल्याची नोंद येते. दोघंही खरं बोलत असतात. मशीन एकदाही अंडर-एक्साइट न होता, म्हणजे स्वतः व्हार न ओढता, लीडिंगची मर्यादा जवळजवळ संपलेली असते.

उलट बाजू बघा. मशीन 0.95 लॅगिंगवर आणली की ती मिळून 9.86 एमव्हार देतात. कारखाना आणि ट्रान्सफॉर्मरचा वाटा वजा जाता ग्रिडला पोचतात जेमतेम 2.9, म्हणजे मीटरवर 0.99. मीटरवर 0.95 लॅगिंग हवा असेल तर बाहेर 7.23 एमव्हार गेले पाहिजेत, त्यासाठी मशिन्सनी सुमारे 14.5 द्यायला हवेत. म्हणजे टर्मिनलवर 0.90. दोन्ही मशीन मिळून 22.5 देऊ शकतात, तेव्हा जागा आहे. पण पैसे वाचवायला नवं मशीन 0.9 चं घेतलं तर एकूण ताकद 17.7 वर येते. शिवाय 0.85 ची अट तिथेच मोडते ती वेगळीच. कोटेशनमध्ये एमव्हीए कमी दाखवून किंमत उतरवणारे पुरवठादार भेटतात. तुलना एमव्हीएवर करा, मेगावॅटवर नको.

हाच हिशेब तीन वेळा मांडा: पूर्ण गाळप, फक्त नवं मशीन चालू, आणि गाळप थांबलंय पण साठवलेल्या बगॅसवर वीज चालू. तिसऱ्या स्थितीत कारखान्याचा लोड घटतो, निर्यात वाढते आणि ट्रान्सफॉर्मरचे व्हार लोडच्या वर्गाने चढतात.

कपॅसिटरने किती सुटतं? 415 व्होल्टच्या पॅनेलवर एपीएफसी, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारी यंत्रणा, बसवून कारखान्याचा लोड 0.85 वरून 0.97 वर नेला, तर सुमारे 2.95 एमव्हारची गरज कमी होते. मशीनच्या वाइंडिंगवर ताण पडू न देता एवढं मिळणं मोठी गोष्ट आहे. पण मिलला डीसी ड्राइव्ह किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असतील तर नुसते कपॅसिटर लावू नका. पाचवं आणि सातवं हार्मोनिक, म्हणजे मूळ 50 हर्ट्झच्या पटीतली 250 आणि 350 हर्ट्झची लहर, त्यांच्यात शिरतं आणि कॅन फुगतात. 7 टक्के, कपॅसिटरच्या मालिकेत बसणारा डीट्यून रिअॅक्टर लावला की रेझोनन्स 189 हर्ट्झवर, म्हणजे या हार्मोनिकच्या खाली, जातो. फिक्स्ड बँका ग्रिड सुटताच उघडल्या पाहिजेत, नाहीतर हलक्या लोडवर व्होल्टेज उसळतं.

एव्हीआरकडे, म्हणजे मशीनचं व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या, विस्तारानंतरच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. दोन मशीन एकाच 11 केव्ही बसवर (सामाईक वीजपट्टीवर) असताना दोन्ही एव्हीआर ड्रूपशिवाय (व्हार वाढले की व्होल्टेज थोडं खाली आणणाऱ्या सेटिंगशिवाय) व्होल्टेज मोडमध्ये ठेवले, तर एक व्हार टाकतो, दुसरा ओढतो. मीटरवर बेरीज ठीक दिसते आणि आत दोन्ही स्टेटर तापत राहतात. रिअॅक्टिव्ह ड्रूप 4 ते 5 टक्के ठेवा, दोन्हींना सारखाच. ड्रूपच्या सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी तपासायची साधी रीत अशी: मशीन ग्रिडला समांतर, हलक्या लोडवर, थोडे एमव्हार बाहेर देत असताना ड्रूपची सेटिंग अगदी थोडी वाढवा. एमव्हार कमी व्हायला हवेत. वाढले तर पोलॅरिटी उलटी आहे. सेटिंग लगेच मागे घ्या. सीटीचं सर्किट चालू मशीनवर कधीही उघडू नका. मशीन थांबवून, सीटी शॉर्ट करूनच वायर बदला.

ग्रिडला जोडलेलं असताना पीएफ (पॉवर फॅक्टर) किंवा व्हार मोड ठेवता येतो. पण लाइन ट्रिप होऊन कारखाना आयलंडवर, म्हणजे ग्रिडपासून सुटून स्वतःच्या विजेवर, गेला की पीएफ मोडमधला एव्हीआर व्होल्टेज धरत नाही. ते घसरतं किंवा चढतं, आणि मिलचे ड्राइव्ह एकामागून एक पडतात. म्हणून 110 केव्ही ब्रेकरचा, तो उघडा की बंद हे सांगणारा, ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट एव्हीआरपर्यंत आलाच पाहिजे, ब्रेकर उघडताच व्होल्टेज मोड. नव्या मशीनला तो जोडतात, जुन्याला विसरतात. दोन बस जोडणारा 11 केव्ही टाय ब्रेकर असेल तर त्याचाही विचार करा.

अंडर-एक्साइटेशन लिमिटर (मशीनला मर्यादेबाहेर व्हार ओढू न देणारा) हा फील्ड-लॉस रिले, म्हणजे फील्ड गेलं तर मशीन तोडणारा 40 नंबर, याच्या आधी काम करायला हवा. दोन्हींचे वक्र एकाच कागदावर काढून बघा. रिले आत आणि लिमिटर बाहेर असेल, तर रात्री ग्रिडचं व्होल्टेज चढून मशीन व्हार ओढू लागताच निष्कारण ट्रिप येईल.

रात्री व्होल्टेज का चढतं, हे या भागात सांगायला नको. शेतीपंपांचा थ्री फेज पुरवठा बंद झाला की लाइन हलकी होते. 110 केव्हीची स्वीकृत मर्यादा 99 ते 121. फिक्स्ड टॅपचा ट्रान्सफॉर्मर हे सगळं अंगावर घेतो आणि 11 केव्ही बाजू 10.45 ते 11.55 च्या बाहेर जाऊ पाहते. नवा ट्रान्सफॉर्मर घेत असाल तर ऑन-लोड टॅप चेंजर (लोड चालू असतानाच व्होल्टेजचं प्रमाण बदलणारा), 1.25 टक्क्यांच्या पायऱ्या. ग्रिड संहितेचं तत्त्व असं की व्होल्टेज 97 टक्क्यांखाली असताना व्हार ओढू नये आणि 103 च्या वर असताना ढकलू नये. त्यामुळे पीएफ मोडमध्ये 0.98 लावून वर्षभर विसरून जाणं चालत नाही. लोड डिस्पॅचकडून (ग्रिड नियंत्रण केंद्राकडून) सूचना आली तर ऑपरेटरला सेटपॉइंट हलवता आला पाहिजे.

विषय पॉवर फॅक्टरचा असला तरी एमव्हीए वाढवताना शॉर्ट सर्किट लेव्हल बघावीच लागते. एक्स-डी-डबल-डॅश (शॉर्ट सर्किटच्या पहिल्या क्षणीचा मशीनचा अंतर्गत विरोध) 15 टक्के धरला तर वरच्या उदाहरणात जुनं मशीन 100, नवं 150 आणि ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिड 250 एमव्हीए देतं. एकूण 500, म्हणजे 11 केव्हीवर सुमारे 26.2 किलोअँपिअर. जुनी पॅनेल 25 किलोअँपिअरची असली तर ती गेली. बस विभागून रिअॅक्टर घाला किंवा पॅनेल बदला.

कागदपत्रांबद्दल एवढंच: महाराष्ट्रातल्या कागल-गडहिंग्लजच्या कारखान्याचा अहवाल नाव बदलून इथे चालत नाही. सीमेच्या अलीकडे 110 केव्हीला केपीटीसीएल (राज्याची पारेषण कंपनी), खालच्या व्होल्टेजला हेस्कॉम (वितरण कंपनी), आणि अटी केईआरसीच्या (राज्य वीज नियामक आयोगाच्या). लोड फ्लो (ग्रिडमधल्या वीजप्रवाहाच्या) अभ्यासात वरच्या तिन्ही स्थिती द्या. विद्युत निरीक्षक विभागाची मंजुरी नव्या मशीनसाठी वेगळी लागते. मीटर 0.2एस अचूकता वर्गाचा, चारही क्वाड्रंट (वॅट आणि व्हार, आत आणि बाहेर) नोंदवणारा. विस्तारात सीटी बदलली असेल तर मीटरमधला रेशोही बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच बिलात भांडण.

चाचणी लोड डिस्पॅचची परवानगी घेऊन, गाळप स्थिर असताना करा. पूर्ण मेगावॅटवर पॉवर फॅक्टर 0.01 च्या पायरीने खाली आणा. प्रत्येक पायरीला स्टेटरचं तापमान, फील्ड करंट, 11 केव्ही व्होल्टेज आणि 110 केव्ही मीटरचे एमव्हार एकाच वेळी लिहा. शेवटच्या पायरीवर तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. लीडिंग बाजूला जाताना लिमिटर येताच तिथेच थांबा. दोन्ही मशिन्सची चाचणी वेगवेगळी, मग एकत्र. मीटरचा 15 मिनिटांचा डेटा त्याच दिवशी उतरवून तक्त्याशेजारी लावा. पुढच्या बिलावर वाद निघाला तर हाच कागद पुढे करायचा असतो.