डाळिंबाच्या सालीने कापड रंगवायचंय? हे वाचा आधी

सोलापुरात राहून पिवळ्या रंगासाठी पैसे घालवायचे म्हणजे कमालच झाली. आपल्या डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, २००५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथं केगावला आहे, आणि रंग ज्याच्यात असतो ती साल आपण कचऱ्यात टाकतो. ज्यूसवाल्याला सांगून ठेवा, पिशवी भरून देतो, वर सुटलो म्हणतो. आपल्या उन्हात दोन-चार दिवसात कडकडीत वाळते.

कापड सुतीच घ्या, पांढरा नॅपकिन नाहीतर मांजरपाट, पॉलिस्टर मिक्स असेल तर रंग नीट धरणार नाही. आता खरं काम म्हणजे धुणं, आणि लोकं नेमकं इथंच घाई करतात. कोऱ्या कापडात खळ असते, तेलकटपणा असतो, त्यामुळे रंग डाग डाग बसतो आणि मग म्हणतात नैसर्गिक रंग असाच असतो, नसतो हो! दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा, पाणी चहासारखं पिवळट होतं ते सगळं फेकून परत खळबळून काढा. वाळल्यावर वरून पाण्याचा एक थेंब सोडून बघा, टचकन आत शिरला तर झालं, मोत्यासारखा वर बसला तर परत उकळा.

शंभर ग्रॅम कापडाला शंभर ग्रॅम वाळलेली साल पकडा. ठेचून तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाऊण तास मंद उकळून गाळून घ्या. पातेलं स्टीलचं आणि ह्याच कामाचं ठेवा, लोखंडी कढई अजिबात नको, रंग काळपट होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच होतं, म्हणून नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून ठेवा.

सालीत टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर असतं म्हणून सुताला आधी सालीचं पाणी आणि मग तुरटी असा क्रम ठेवायचा. ओलं कापड गाळलेल्या कोमट पाण्यात तासभर, अधूनमधून हलवत राहा नाहीतर घड्यांचे पट्टे उठतात. मग पिळून १५ ते २० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर, आणि शेवटी परत रंगात टाकून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. गॅस बंद करून त्यातच थंड होऊ द्या, मस्त मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो.

हिरवट राखाडी हवा असेल तर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पण चिमूटभरच, दोन ग्रॅम बास. वेगळ्या बादलीत विरघळवून कापड बुडवलं की डोळ्यादेखत रंग फिरतो, दोन-तीन मिनिटात बाहेर काढायचं आणि लगेच धुवायचं, जास्त लोहाने सूत कुजतं. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

बीट आणि हळदीच्या व्हिडिओंच्या नादाला लागू नका, बीट धुण्यात जातं आणि हळद उन्हात. डाळिंब त्यामानाने टिकतं, तरी वाळवायचं सावलीतच आणि पहिले दोन-तीन वेळा रिठ्याने वेगळं धुवा, डिटर्जंट पावडरने रंग तपकिरीकडे झुकतो. उरलेला रंग ओतू नका, त्यात अजून एक रुमाल फिका का होईना निघतोच.